टिटवीला मारलेली हाक

दिग्विजयरावांना एकच गोष्ट पक्की ठाऊक होती: आवाज पोचत नसेल तर तो वाढवायचा. चाकणला कंपनी काढण्याआधी ते वरातींना डीजे पुरवत. कंपनी काढल्यावरही डोकं तिथंच राहिलं, फक्त त्यावर हेल्मेट चढलं.

याच कंपनीत योगिनीनं वर्षानुवर्षं खपून पाण्याखाली पोहणारं एक यंत्र घडवलं होतं. समुद्रात खोल जाऊन पाहणी करायची आणि बोटीवरच्या स्पीकरची हाक ऐकली की परतायचं, एवढं त्याचं काम. तिनं त्याचं नाव टिटवी ठेवलं होतं आणि पोटच्या लेकरासारखा तिचा त्यात जीव होता. हाक ऐकू आली नाही तर टिटवीनं आपणहून वर यावं, अशी सोयही तिनं केली होती. "आपल्याच मशीनवर भरवसा न्हाई व्हय?" म्हणत दिग्विजयरावसाहेबांनी ती काढायला लावली.

चाचणी घेतली ती मोशीच्या दगडखाणीतल्या साचलेल्या पाण्यात. तिथं टिटवी झकास परतली. समुद्र म्हणजे मोठी खाण, असा साहेबांनी शोध लावला आणि टिटवी दाखवायला पाहुणे घेऊन थेट रत्नागिरी गाठली. बोटीवर योगिनीला जागा नव्हती म्हणे. फोटोग्राफरला मात्र होती.

दुपारी साहेबांचा फोन आला. "योगिनीताई, फुल व्हॉल्यूम केलाय, तरी तुमची टिटवी येईना!"

योगिनीनं समुद्राच्या तापमानाचा उपग्रहाचा नकाशा उघडला आणि तिला कारण दिसलं. गरम पाण्याचा भलामोठा भोवरा सावकाश फिरत नेमका बोटीखाली आला होता. गरम पाण्यात आवाज जोरात पळतो, गारात मंदावतो; त्यामुळे तो सरळ न जाता खालच्या गार पाण्याकडे वळतो. साहेबांची हाक लांब गेलेल्या टिटवीच्या खालून निघून जात होती. संध्याकाळी टिटवीची बॅटरी संपली की ती तळाला जाणार होती.

"साहेब, आवाज वाढवून काही होणार नाही. तो वाकतोय. स्पीकर त्या गरम थराच्या खाली सोडा, लांब केबल लावून."

"वायर दहाच मीटर हाय."

"शंभर मीटरची दिली होती मी! पाण्यात चालणारी!"

साहेबांना फोन कायम स्पीकरवर ठेवायची खोड होती, त्यामुळे पुढचं सगळ्या पाहुण्यांनी ऐकलं. "ती व्हय? ती पुतण्याच्या हळदीला तोडली. डीजेला कमी पडत होती. लई भारी वायर, कायबी म्हणा."

योगिनीला रडू फुटलं, आणि रडण्याहून मोठा संताप आला. टिटवी तिकडं गोल गोल फिरत हाकेची वाट बघत असेल, आणि इकडं हा माणूस हळदीच्या वायरीचं कौतुक सांगतोय.

"नाराज होऊ नका, ताई," साहेब म्हणाले. "दुसरी टिटवी बनवू. पुढच्या खेपेला डबल वॉटचा स्पीकर लावतो."

"लावा ना," योगिनी म्हणाली. "पण पुढच्या खेपेला टिटवीच्या जागी तुम्ही पाण्यात उतरा. हाक मी मारते, दहा मीटरच्या वायरीवरून."