कानटोपीचा संशय

मी टोपी आहे, पण सभेला घालून जायची नव्हे. रग्बीचे खेळाडू घालतात ती, मऊ गाद्यांच्या तुकड्यांची, हनुवटीखाली पट्ट्याने बांधायची. मैदानावर मला स्क्रम कॅप म्हणतात. काशीत, दुर्गाघाटावरच्या घरी, यज्ञेशची आई मला कानटोपी म्हणते. तेच नाव खरं आहे. मी कान वाचवते. मेंदू वाचवत नाही. माझ्या खोक्यावर हे बारीक अक्षरांत छापलंही होतं. पण बारीक अक्षरं वाचायची माणसांत पद्धत नाही. मला घातलं की खेळाडूला वाटतं, आता डोक्याची काळजी टोपीकडे.

यज्ञेश वैदिकाचा मुलगा. वडील ढुंढिराजशास्त्री घनपाठी. घनपाठ म्हणजे ऋचा नुसती सरळ म्हणायची नाही. दोन शब्द सरळ, तेच उलट, मग तीन सरळ, तीन उलट, पुन्हा सरळ, असं विणत पुढे जायचं, तेही पोथी न उघडता. यज्ञेश मुंजीपासून हे शिकला. पुढे विद्यापीठात गेला. तिथे एका प्रशिक्षकाने त्याचे खांदे पाहिले आणि वेदांचं नुकसान झालं. राज्याचा संघ, देशाचं शिबिर, मग शहरांच्या संघांची व्यावसायिक लीग. तिथे करारावर सही झाली, त्याच वर्षी मी त्याच्या डोक्यावर आले.

घरात माझं स्वागत कसं झालं ते सांगते.

"कशाची आहे ही? चामड्याची?" शास्त्रीबुवांनी लांबूनच विचारलं.

"नाही बाबा, फोमची."

"आणि फोम कशाचा?"

हे कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून देवघरापासून सर्वांत लांबची, जिन्यातली खुंटी मला मिळाली. धाकटी बहीण कस्तुरी तेवढी खूश होती. "दादा, तुझा गेम म्हणजे बाबांचा घनपाठच आहे रे! पळायचं आगे, बॉल द्यायचा पीछे."

या हंगामात, उपांत्य सामन्याच्या आधीच्या सामन्यात, यज्ञेशचं डोकं एका गुडघ्यावर आदळलं. मी दोघांच्या मधे होते. तो आवाज मला आवडला नाही. यज्ञेश उठला आणि समोरच्या संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. क्षणभरच. मग परत आला. बघणाऱ्यांना वाटलं, गंमत करतोय.

बाजूला नेऊन डॉक्टरांनी चाचणी घेतली. पाच शब्द ऐकवले, लक्षात ठेवायला सांगितले. मग काही आकडे दिले. म्हणाले, उलटे म्हणा. घनपाठ्याच्या मुलाला आकडे उलटे म्हणायला सांगणं म्हणजे गंगेच्या नावाड्याची परीक्षा बादलीत घेणं. डॉक्टर वाचतात त्याहून लवकर तो सांगत होता. डॉक्टर खूश, प्रशिक्षक त्याहून खूश. प्रशिक्षकांच्या आनंदाकडे मी नेहमीच संशयाने पाहते, विशेषतः पुढे मोठा सामना असेल तेव्हा.

"डोकं दुखतंय?"

"नाही. मी ठीक आहे."

टोपीची साक्ष घ्यायची पद्धत नाही.

दोन सामन्यांमधल्या सुट्टीत तो घरी आला. देवघरात आरतीची घंटा सुरू झाली की उठून गच्चीवर जायचा. उन्हात डोळे बारीक करायचा. आईला वाटलं, थकलाय. थकवा हे घरच्यांचं आवडतं कारण. त्याला औषध नुसत्या तुपाचं लागतं.

त्याच आठवड्यात घरी मंत्रजागर होता. त्यात वैदिक समोरासमोर दोन रांगांत बसतात आणि आळीपाळीने म्हणतात. घरात आहे म्हणून यज्ञेशही बसला. जिन्याचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. त्याची पाळी आली. तीन शब्द सरळ गेले, उलटे आले, आणि पुन्हा सरळ निघाले ते थेट मागच्या ऋचेत जाऊन पोचले. समोरच्या रांगेने शब्द उचलून दुरुस्त केला. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"तिकडे अंडी खात असेल," नंतर दूध पिताना समोरच्या रांगेतले बाळूभट म्हणाले. "जीभ जड होते."

"फार इंग्लिश बोलतो, म्हणून," दुसरे म्हणाले.

सगळे गेल्यावर शास्त्रीबुवांनी यज्ञेशला जिन्यात गाठलं.

"डोक्याला कधी लागलं?"

"बाबा, आजकाल सराव राहिला नाही, म्हणून…"

"सराव नसला की माणूस अडतो. तू अडला नाहीस. तू चुकीचं म्हणत गेलास आणि तुला कळलंच नाही."

"डॉक्टरांनी पास केलंय मला."

"काय विचारलं त्यांनी?"

यज्ञेशने सांगितलं. शास्त्रीबुवांनी पुन्हा विचारलं. "आकडे उलटे? आणि तू लहानपणापासून काय शिकलास, ते त्यांना सांगितलं नाहीस?"

"सेमीफायनल आहे, बाबा! आत्ता बसलो तर पुढचा करार नाही. या वयात मला दुसरं कोण घेणार?"

"आणि पुन्हा लागलं, समोर उभी असलेली तुझी आई तुला ओळखू आली नाही, तर तुला कोण घेणार? आम्हीच ना?"

जिन्यात ऐकत उभ्या कस्तुरीने फोन पुढे केला. "तू लावतोस की मी लावू?"

यज्ञेशने संघाच्या डॉक्टरांना लावला. दुखणारं डोकं, घंटा, सगळं सांगितलं. उपांत्य सामना संघ त्याच्याशिवाय खेळला आणि जिंकला. हरला असता तर त्याला कमी लागलं असतं.

आता मी गच्चीच्या दारामागे आहे. आई माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवते. मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांनी अजून खेळायची परवानगी दिलेली नाही. प्रशिक्षक फोनवर "काळजी घे" म्हणतात. करार हा शब्द काढत नाहीत. संघाने माझ्या जागी दुसरी टोपी, दुसऱ्या डोक्यासकट, आणली असेल, असा मला दाट संशय आहे.

वाचकहो, एकच मागणं आहे. डोक्याला मार लागलेला माणूस "मी ठीक आहे" म्हणाला, तर लगेच त्याचं ऐकू नका. ठीक नसलेलं डोकंच ते सांगत असतं.

यज्ञेश रोज सकाळी वडिलांसमोर बसून घनपाठ म्हणतो. आज कुठेही न चुकता शेवटपर्यंत गेला. उठून माझ्याकडे आला, चिमटे बाजूला ओतले, मला हातात घेतलं.

"जमलं की, बाबा!"

"जमलं. ती ठेव खाली. उद्या पुन्हा म्हण."

"अजून किती दिवस?"

"माझा विश्वास बसेपर्यंत."

त्याने मला खाली ठेवलं. आणि चिमटे एकेक करून परत माझ्यात भरले.