नाबलूसवालीचं रक्त

"तुमच्या आईच्या रक्तात हा दोष नाही," अम्मानच्या जनुकतज्ज्ञ डॉक्टर बाई म्हणाल्या. "तो तुम्हाला वडिलांकडून आला आहे."

इन्शिराहच्या शेजारच्या खुर्चीवर तिची आई बद्रिया मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती. तिने मान वर केली.

"पुन्हा सांग, पोरी."

डॉक्टरांनी पुन्हा सांगितले.

"आणखी एकदा."

वसंतात इन्शिराहच्या डाव्या मूत्रपिंडातली कर्करोगाची गाठ काढली, तेव्हा उजव्यातही दोन बारीक गाठी दिसल्या होत्या. चाळिशीच्या उंबरठ्यावर आणि तेही दोन्हीकडे, म्हणून शल्यचिकित्सकांनीच जनुकांची तपासणी करायला सांगितली. दोष सापडला. तो पिढीजात होता आणि प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी होती. मूत्रपिंडात, मेंदूत, डोळ्यांच्या पडद्यावर तो गाठी धरत असे, आणि त्या वेळेवर दिसल्या तर बहुतेकदा आवरता येत. मग तो कोणाच्या बाजूने आला हे पाहण्यासाठी आईचेही रक्त घेतले गेले.

"घराण्यात कोणाचा डोळा तरुणपणी गेला आहे का?" डॉक्टरांनी विचारले.

"थोरल्या काकांचा," इन्शिराह म्हणाली. "पण तो सैन्यात असताना. तोफांच्या सरावात दगडाची कपची लागली होती."

बद्रिया पर्सच्या कडीशी चाळा करत राहिली.

परतताना गाडी त्यांच्या गावाच्या, अस-सल्टच्या, चढाला लागली तशी इन्शिराहला भीती वाटायला हवी होती. वाटला तो संताप. तिचे वडील पस्तिशीतच मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेले, तेव्हा मातमाला बसलेल्या बायका तिच्या देखतच म्हणाल्या होत्या, नाबलूसवालीनं आपलं सडकं रक्त या घरात आणलं. पुढे थोरल्या काकांचा एकुलता एक मुलगा नाएफ डोक्यातल्या गाठीने गेला. तो बद्रियाचा ना नवरा ना मुलगा, म्हणून तिथे तिची नजर लागली असे ठरले. नाएफच्या मुलीला, वुरूदला, लहानपणी बद्रियाच्या हातचे खाऊ देत नसत. लग्न होऊन नाबलूसहून या गावात आलेली ही बाई म्हातारी झाली, तरी तिला नावाने हाक मारणारे कोणी नव्हते. ती नाबलूसवालीच राहिली.

"आता सगळ्यांना सांगू या," इन्शिराह म्हणाली.

"माझ्यासाठी सांगू नकोस," बद्रिया खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मला सवय झाली आहे. त्या पोरीसाठी सांग."

ती पोर म्हणजे वुरूद. गेल्याच आठवड्यात ती इन्शिराहशेजारी बसून आपल्या लग्नाच्या झग्यावर भरतकाम करत होती. मध्येच तिने चौकट दूर धरली, एक डोळा मिटला आणि हसली. "आत्या, हे कापड वाकडं विणलंय बघ. डाव्या डोळ्यानं बघितलं की मधल्या चौकोनांना पोक येतं." कापडाचे चौकोन आखल्यासारखे सरळ होते. तेव्हा इन्शिराहने चष्मा कर म्हणून सांगितले होते. आता ते वाक्य आठवून तिला स्वतःचीच चीड आली.

तिने त्याच संध्याकाळी काकांना फोन केला. अबू नाएफांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"शुक्रवारी मागणी घालायला जाहा येतेय इर्बिदहून," ते म्हणाले. "चाळीस माणसं येतील, त्यांच्यात दोन शेख. आणि तू मला सांगतेस पोरीला डोळ्याच्या दवाखान्यात ने."

"फक्त तपासायचं आहे, काका. पडद्यावर गाठ असली तर लेझरनं जाळता येते. उशीर झाला तर डोळा जाईल."

"तिची तपासणी झाली आहे. लग्नाआधीची सरकारी चाचणी. दोघांची. रक्त स्वच्छ आहे असा शिक्का आहे त्यावर."

"ती थॅलेसेमियाची. ती फक्त तेवढंच बघते."

"सरकारला कळत नाही आणि तुझ्यासारख्या भूगोल शिकवणाऱ्या बाईला कळतं. लग्न होऊ दे. मग तिचा नवरा नेईल तिला हव्या त्या डॉक्टरकडे. मग ती त्याचा माल."

इन्शिराहने फोन ठेवला. तिच्या पोटावरचा टाका ओढला गेल्यासारखा दुखत होता. माल. उद्या तो डोळा गेला, तर इर्बिदची माणसे काय म्हणतील हे तिला आधीच ऐकू येत होते. सल्टवालीचं रक्त. एका बाईवरचे ओझे काढून दुसरीवर ठेवायचे, आणि तेही ठरवून, माहीत असताना.

मंगळवारी दुपारी ती आईला घेऊन काकांच्या घरी गेली. बैठकीत पुरुष मंडळी शुक्रवारची आखणी करत होती. कोण दारात उभे राहील, कोण शेखांच्या उजवीकडे बसेल, यावर वाद चालला होता. दुसऱ्या काकांचा मुलगा दैफल्लाह लोडाला टेकून पडला होता. बायका सहसा या खोलीत येत नसत. दोघी आत येऊन दाराजवळच्या गादीवर बसल्या, तशा सगळ्यांच्या माना वळल्या.

"या," अबू नाएफ म्हणाले. घरी आलेल्याला दुसरे काही म्हणणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. "वुरूद, कॉफी."

वुरूद कॉफीचा दल्ला, लांब चोचीचं भांडं, घेऊन आली. तिची आई मुंतहा स्वयंपाकघराच्या पडद्यामागे उभी राहिली. नवरा गेल्यापासून सासऱ्यासमोर ती याहून पुढे आली नव्हती. वुरूदने एक पेला भरून बद्रियाला दिला आणि दुसरा इन्शिराहपुढे धरला. इन्शिराहने तो घेतला आणि न पिता समोर गालिच्यावर ठेवला.

त्या हालचालीचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होता. शुक्रवारी जाहाचा म्होरक्या हेच करणार होता. पेला खाली ठेवायचा, आपले मागणे मांडायचे, आणि घरधन्याने 'कॉफी प्या, तुम्ही मागितलंत ते दिलं' म्हटल्याशिवाय ओठाला लावायचा नाही. पेला तसाच निवाला तर यजमानाची नाचक्की.

दैफल्लाहला हसू फुटले. "काय हो बाईसाहेब, मागणी घालायला आलात? नवरदेव कुठाय?"

"मी मागायला आले आहे," इन्शिराह अबू नाएफांकडे बघत म्हणाली. "वुरूदचा एक दिवस. उद्याचा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, आणि तिथून रक्त द्यायला. तुम्ही हो म्हणाल तेव्हा मी ही कॉफी पिईन."

"बायका जाहा घेऊन येत नाहीत."

"येत नाहीत. कारण आजवर बायकांना काही मागूच दिलं नाही तुम्ही."

"जपून बोल," अबू नाएफ म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांचा उजवा डोळा तिच्यावर होता, आणि डावा, काचेचा, तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर. "तू आजारी आहेस, म्हणून ऐकून घेतोय. तुझं दुखणं तुझ्या आईकडून आलंय, हे सगळं गाव जाणतं. आमच्या घरात असं काही नव्हतं आणि नाही. माझ्या नातीला त्यात ओढू नकोस."

"आईची तपासणी झाली, काका. तिच्यात काही नाही. ते आपल्याकडचं आहे. अब्बांकडून माझ्यात आलं. नाएफमध्ये ते तुमच्याकडून गेलं असणार."

"माझ्याकडून." ते हसले. "मी सत्तरी ओलांडली. दगड पचवतो अजून."

बद्रियाने तेव्हा आपला पेला खाली ठेवला. तोही भरलेलाच होता.

"अबू नाएफ," ती म्हणाली, "तुमचा डोळा कसा गेला?"

"सगळ्यांना ठाऊक आहे कसा गेला."

"सगळ्यांना तुम्ही सांगितलंत तसं ठाऊक आहे. मी नवी नवरी होते. तुम्ही रजेवर आला होतात. सकाळी ताटावर बसलात, पुढ्यात झातरची पूड आणि तेल होतं, आणि म्हणालात, दिवा विझला का. दिवा विझला नव्हता. पुढं महिनाभर त्या डोळ्यात थेंब मी घातले, कारण तुमच्या आईचे हात कापत होते. कुठली तोफ नव्हती आणि कुठली कपची नव्हती. तुम्ही म्हणालात, सैनिकाचा डोळा आपोआप गेला म्हटलं तर लोक हसतील. मी गप्प बसले. या घराची अब्रू म्हणून गप्प बसले. मग माझा नवरा गेला आणि तुम्ही त्या बायकांना बोलू दिलंत. तुमचा मुलगा गेला आणि तुम्ही म्हणालात माझी नजर. तुम्हाला आठवत होतं, अबू नाएफ. प्रत्येक वेळी आठवत होतं."

दैफल्लाह उठून नीट बसला.

अबू नाएफांनी हाताने आपला काचेचा डोळा झाकला, जणू तिथे उजेड लागत होता. मग हात खाली घेतला. "शुक्रवारी जाहा आहे," ते म्हणाले. आवाज तोच होता, पण आता तो कोणाला उद्देशून नव्हता. "शब्द दिला आहे. त्यांना कळलं तर ते परत जातील."

"जाऊ देत," पडद्यामागून मुंतहा म्हणाली. आपण बोललो याचे तिलाच आश्चर्य वाटले असावे, कारण लगेच तिने तोंडावर ओढणी धरली.

"तू आत जा," अबू नाएफ म्हणाले.

मुंतहा आत गेली नाही. पडद्याखाली तिची पावले तशीच दिसत राहिली.

इन्शिराह आपल्या पेल्याकडे बघत होती. वाफ केव्हाच थांबली होती. काकांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होते. ती मान हलणार नाही हे तिला दिसत होते, आणि एका म्हाताऱ्याच्या न हललेल्या मानेपायी एका तरुण मुलीचा डोळा जाणार होता. उठावे, पेला तसाच ठेवून जावे, गावाला कळू द्यावे. पण त्याने वुरूदचे काय भले होणार होते?

वुरूद मधोमध उभी होती, हातात दल्ला. इतका वेळ तिच्याकडे कोणी बघितलेच नव्हते. तिने एक डोळा मिटला आणि समोरच्या खिडकीच्या गजांकडे पाहिले. मग दुसरा मिटला. पुन्हा पहिला.

"आजोबा," ती म्हणाली, "गज वाकडे आहेत का?"

अबू नाएफांनी खिडकीकडे पाहिले.

"सरळ आहेत ना? सकाळी तुम्हाला दिवा विझल्यासारखा वाटला, त्याच्या आधी तुम्हालाही ते वाकडे दिसत होते का?"

म्हाताऱ्याचा जबडा हलला. त्यांनी गालिच्यावरच्या दोन भरलेल्या पेल्यांकडे पाहिले. "दाराची चौकट," शेवटी ते म्हणाले. "दाराची चौकट वाकडी दिसायची."

वुरूदने दल्ला खाली ठेवला. ती इन्शिराहसमोर गुडघ्यांवर बसली, गार झालेला पेला उचलून तिच्या हातात दिला, आणि घरच्या कर्त्या माणसाचे वाक्य, जे त्या खोलीत कोणी बाईने कधी उच्चारले नव्हते, ते हळू पण स्पष्ट म्हणाली.

"कॉफी पी, आत्या. तू मागितलंस ते दिलं."

मग ती बद्रियाकडे वळली. तिचा पेला हातात घेऊन क्षणभर थांबली. या बाईला नक्की काय म्हणून हाक मारायची, हे तिला लहानपणापासून कोणी शिकवलेच नव्हते.

"तुम्हीही प्या, आजी."

इन्शिराहने पेला ओठाला लावला. कॉफी कडू होती आणि पार गार. तिने ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. अबू नाएफांनी मान खाली घातली होती. त्यांनी नाही म्हटले नाही.

"सकाळी लवकर निघू," इन्शिराह म्हणाली. "भरतकामाला झगा बरोबर घे. तिथं फार वेळ बसवतात."