पासिंगचा गणवेश

सरकारचं म्हणणं साधं आहे. कारखान्यातून गाडी जशी बाहेर पडली, तशीच ती रस्त्यावर दिसली पाहिजे. उंची वाढवायची नाही, टायर मडगार्डच्या बाहेर डोकावता कामा नयेत, टपावर दिवे नकोत, पुढे लोखंडी गार्ड नको. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी गाडी पासिंगला न्यायची आणि इन्स्पेक्टरला हे सगळं दाखवायचं. मला हा नियम मान्य आहे. हायवेवर नुसती मिरवायला उंच जीप घेऊन फिरणारी मंडळी मलाही आवडत नाहीत. पण नियम करणाऱ्यांनी आमच्या राई गावच्या खाडीकडचा बांध पाहिलेला नाही. भरतीचं पाणी उतरल्यावर तिथे जो चिखल राहतो, त्यात कारखान्यातून आलेली जीप पोटावर बसते आणि मग ट्रॅक्टरवाल्याच्या विनवण्या कराव्या लागतात.

आणि माझ्या बाबांना त्या बांधावर रोज जायचं असतं. बाबांचं नाव धर्मा. बांधाच्या टोकाला आमचं खाजण आहे. पूर्वी तिथे भात व्हायचा, आता खाडीचं पाणी धरून मासळी वाढवतो. पाणी आत घ्यायला आणि सोडायला लाकडी फळ्यांची उघाडी आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय लुळा पडला. तेव्हापासून मी त्यांना स्टुलावर चढवून, मागून ढकलून जीपमध्ये बसवते आणि थेट उघाडीपर्यंत नेते. ते बसल्या बसल्या पाणी बघतात, एक फळी काढ नाहीतर घाल म्हणून मला हुकूम सोडतात आणि घरी येऊन पोटभर जेवतात. ज्या दिवशी बांध चुकतो त्या दिवशी ताटातलं अर्धं तसंच राहतं. डॉक्टरांच्या गोळ्या आहेतच, पण आमच्या घरातलं खरं औषध डिझेलवर चालतं.

तर जीप उंच हवी आणि पासही व्हायला हवी. यावर आम्ही तिघांनी एक तोडगा काढला होता. तिघं म्हणजे मी, स्वप्नील आणि कौस्तुभ. स्वप्नील सिल्व्हर पार्कचा, शाळेपासूनचा मित्र. कौस्तुभ त्याच्या ऑफिसातला. तिघांकडे एकाच मॉडेलची जुनी जीप, कंपनीने केव्हाच बंद केलेली. त्या दोघांना चिखलात गाडी घालायची हौस, मला गरज. आम्ही वर्गणी काढून मूळ मापाचे टायर, मूळ सायलेन्सर आणि गाडीचं वजन तोलतात ते लोखंडी पाटे, असा एक जुना संच मिळवला. ज्याचं पासिंग येईल त्याने तो चढवायचा, परीक्षा द्यायची आणि परत उतरवायचा. स्वप्नीलने त्याचं नाव ठेवलं गणवेश. गरिबाघरची भावंडं एकाच गणवेशात आळीपाळीने शाळा उरकायची, तसं. लबाडी म्हणा हवं तर. शाळेत तपासणीच्या दिवशी आपणही नखं कापूनच जात होतो.

गणवेश आमच्या राईच्या गोठ्यात असायचा. गुरं गेली, गोठा राहिला होता. कुणाचं पासिंग आलं की रविवारी दोघं सकाळीच यायचे, आम्ही तिघं जीपखाली लोळायचो आणि बाबा खुर्चीत बसून सूचना द्यायचे. त्यांना इंजिनातलं फारसं कळत नाही, पण त्याने सूचना थोड्याच अडतात? दुपारी मी जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी करायची. स्वप्नीलचं ताट बाबांच्या शेजारी. डोक्याकडचा तुकडा बाबा स्वतःच्या हाताने त्याच्या ताटात घालायचे, माझ्या नाही.

घालणारच. बाबांना झटका आला तेव्हा अंगणात पाणी साचलं होतं आणि रिक्षा आत येईना. स्वप्नील त्यांना पाठीवर घेऊन गुडघाभर पाण्यातून नाक्यापर्यंत गेला होता. माझा संसार मोडून मी माहेरी आले तेव्हाही सामानाचा टेम्पो त्यानेच आणला होता. सख्खा भाऊ नाही याचं मला त्याच्यामुळे कधी वाईट वाटलं नाही. हे एवढं सांगितलं, कारण पुढचं सांगताना माझा तोल जाणार आहे.

गेल्या वर्षी कौस्तुभने जीप भंगारात दिली, नवी गाडी घेतली आणि गणवेश तुमचा तुम्ही वापरा म्हणाला. दिवाळीनंतर स्वप्नीलचं पासिंग झालं. झाल्यावर तो म्हणाला, "निशे, राहू दे थोडे दिवस अंगावर. पाठ धरलीय माझी. आपण नंतर काढू." पुढे त्याच्या भाचीचं लग्न निघालं, मग ऑफिसचं काम निघालं. मार्च उजाडला आणि माझ्या जीपची मुदत संपायला आठवडा उरला, तेव्हा तो फोन उचलेनासा झाला. मला काळजी वाटली ती त्याची. पाठ फारच बिघडली की काय, म्हणून पतपेढीतल्या कामावरून लवकर सुटून मी सिल्व्हर पार्कला गेले.

त्याच्या पार्किंगमध्ये पांढरी कोरी गाडी उभी होती, बॉनेटवर अजून झेंडूचा हार. स्वप्नील खाली आला तेव्हा पाठ ताठ होती.

"जीप कुठाय?" मी विचारलं.

"अगं, तुला सांगणारच होतो. विकली. उत्तनला दिली, एका मासळीवाल्या बाईंना. चांगलं गिऱ्हाईक होतं यार, सोडवेना."

"आणि गणवेश?"

तो जरा इकडेतिकडे बघत म्हणाला, "त्यांना ओरिजिनल कंडिशनमध्येच हवी होती. आता ऐन वेळी काढून कुठे घेणार?"

"माझं पासिंग आहे सोमवारी."

"हो, माहितीय मला. पण तू जरा प्रॅक्टिकली बघ ना. अजून किती वर्षं ओढणार आहेस ते खटारं? सोडून दे. बाबांना काय, रिक्षाने फिरव."

बांधावर रिक्षा. आमच्या बांधावर जो माणूस शंभर वेळा आला, तो मला हे सांगत होता. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वॉचमनने खुर्ची सोडली, एवढं सांगते. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मी त्या पार्किंगमध्ये शिकले. आणि तरीही रिक्षात बसल्यावर माझं मन त्याचीच बाजू घेत होतं. पैशाची नड असेल, मोह झाला असेल, माणूस आहे. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

कुर्ल्याच्या भंगार बाजारात फोन फिरवले. टायर होते, पाटे दुसऱ्या मॉडेलचे. नवे बनवून घ्यायला दोन महिने. आणि मुदत संपलेली उंच जीप रस्त्यावर दिसली तर जप्तच होणार. मग शनिवारी सकाळी मी ठरवलं, उत्तनच्या त्या बाईंकडे जायचं आणि गणवेश दोन दिवसांसाठी मागायचा. हात जोडायला लाज कसली, कपडे तर आमचेच होते. जीप सुरू झाली की बाबा काठी घेऊन दारात हजर असतात. उत्तनला चाललोय म्हटल्यावर त्यांना सुके बोंबील आठवले. स्वप्नीलचं मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. पाटे एका ओळखीच्या बाईंकडे आहेत, एवढंच मी म्हणाले.

बाईंचं नाव अनसूया. पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, आवाज वाऱ्यावर कमावलेला. समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्याला त्यांचं घर, बाजूच्या मोकळ्या जागेत बांबूंवर बोंबील वाळत टाकलेले आणि त्यापलीकडे स्वप्नीलची जीप, आमच्या गणवेशात. मागे बर्फाच्या पेट्या रचलेल्या. मी उतरले. बाबा आतच बसून राहिले. अनसूयाबाई हात पुसत आल्या, खाली वाकून टायर बघत माझ्या जीपभोवती एक चक्कर मारली आणि खूश झाल्या.

"हीच ना ती राईची? स्वप्नीलभाऊ बोलला व्हता मना."

"काय बोलला होता?"

"हेच, आनखी एक गाडी हाय, अशीच. माज्या गाडीचं पार्ट मिळत न्हाईत ना, तर ती आख्खीच घ्या बोलला, भंगाराच्या भावात देतील. पन घाई करू नका बोलला. घरात म्हातारा हाय, त्याच्यासाठी ठेवलीय गाडी. तो काय आता पुढचा पावसाळा बघत न्हाय, आनि तो गेला का पोरगी पासिंग करनार न्हाय." एवढं बोलून त्या थांबल्या. मग त्यांचा चेहराच बदलला. डोक्यावर पदर घेऊन माझ्या दंडाला हात लावत हळू आवाजात म्हणाल्या, "कवा गेलं ग बाय? काय झालेलं?"

ज्या माणसाने बाबांना पाठीवर वाहून वाचवलं, त्यानेच त्यांच्या मरणाचा अंदाज बांधून माझी गाडी गिऱ्हाइकाला दाखवून ठेवली होती. आणि माझी गाडी पास न होता भंगारात जावी, त्यासाठीच गणवेश परत आला नव्हता. मोह नव्हता तो, नड नव्हती. आमच्या ओट्यावर बसून, आमचं कालवण ओरपत त्याने हा हिशेब केला होता. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, आणि आम्ही तर खाऱ्या पाण्यावरच जगणारे.

जीपमधून बाबांचा आवाज आला. "न्हाय गेलू अजून. बोंबील घ्याया आलू."

अनसूयाबाईंनी वळून बघितलं. बाबा खिडकीतून त्यांच्याकडे पाहत होते, शांतपणे, भाव विचारायला आलेल्या माणसासारखे. बाईंनी दोन्ही हातांनी स्वतःच्या गालात मारून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, माफ करा. मना काय म्हाईत. मना तर तो चांगला मानूस वाटला."

"आमालाबी," बाबा म्हणाले.

पुढचं मला मागावंही लागलं नाही. मी कशासाठी आले ते ऐकल्यावर बाईंनी बर्फाच्या पेट्या उतरवून घेतल्या, नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याच अंगणात त्यांची जीप विटांवर चढली, माझी गणवेशात आली. दोन दिवस त्यांची मासळी भाड्याच्या टेम्पोने गेली. बोंबलाचे पैसेही घेतले नाहीत. परक्या बाईने जे केलं ते बघून मला आनंद व्हायला हवा होता, पण मला राहून राहून रडायलाच येत होतं. परतीच्या वाटेवर बाबा आपला हात उघडमीट करून बघत होते.

सोमवारी पासिंग झालं. इन्स्पेक्टर खाली वाकून पाटे बघून गेला, टायरचं माप घेतलं, चासीचा नंबर ताडून पाहिला आणि गाडी निगुतीने ठेवलीय म्हणाला. एरवी अशा दिवशी फाटकाबाहेर स्वप्नील दोन उसाचे रस घेऊन उभा असायचा. मी तशीच उत्तनला जाऊन बाईंचा गणवेश परत केला आणि जीप उंच करून घेतली. आता तो बाईंचाच म्हणायचा. त्या म्हणाल्या, पुढच्या खेपेला न्यायला ये.

मंगळवारी सकाळी ओहोटी लागल्यावर मी जीप दारात आणली. बाबा ओट्यावर बसले होते, पण काठी भिंतीला टेकवलेली होती.

"चला बाबा, पाणी उतरलंय."

"तू जा. उघाडी बगून ये."

"का? बरं वाटत नाही का? आता पाच वर्षं कुणी विचारणार नाही आपल्याला. कागद मिळालाय."

"गाडीला मिळालाय," बाबा म्हणाले. "मना कुठं मिळालाय?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. मला स्वप्नीलची चीड आली होती. मी म्हटलं, बाबा, तो चोर आहे. जे त्याचं नव्हतं ते त्याने विकलं. लबाड माणसाच्या बोलण्यावर तुम्ही घरात बसणार का? त्याला काय कळतंय तुमच्या तब्येतीतलं, तो डॉक्टर आहे का? उठा बघू.

बाबा म्हणाले, "बाजूला बसून जेवायचा तो. माजा हात कसा हालतो, घास कसा उतरतो, समदा बगत व्हता. तू रोजची हाईस, तुना न्हाय दिसत."

"चोर आहे तो, बाबा."

"चोर हाय," बाबा म्हणाले, "पन आंधला न्हाय."

मी पुष्कळ विनवलं. ते उठले नाहीत. शेवटी पाणी चढायला लागेल म्हणून मी एकटीच जीप घेऊन बांधावर गेले, आणि किती फळ्या काढायच्या ते मला कळेना.