पिशवीतला पहिला तुकडा

गिरिजाने पिशवीत हात घातला आणि बोटांना पहिला लागला तो तुकडा काढून टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर ठेवला. लाकडाचा चपटा तुकडा, चिक्कीच्या वडीएवढा. त्यावर कोरलेल्या दोन उभ्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक तिरकी.

डार्लीनने चष्मा नाकावर ओढून पाहिलं.

“हा गारपिटीचा,” ती म्हणाली. मग गिरिजाच्या चेहऱ्याकडे एकदा बघून घाईने पुढे म्हणाली, “पण पहिला तुकडा पिशवीचा असतो. पिशवी तुला हॅलो म्हणते. तो मोजायचा नसतो.”

स्वयंपाकघरातून उल्काचा आवाज आला, मराठीत.

“माझ्या वेळी पहिलाच मोजला होता बरं का हिनं.”

“उल्का, तू कॉफी पी,” गिरिजाही मराठीतच म्हणाली.

उल्का मूळची नागपूरची. अमेरिकेतल्या ट्रॉय गावात गिरिजाच्या मागच्याच गल्लीत राहायची आणि तिच्या पोटात काही म्हणजे काही राहत नसे. गेल्या वर्षी याच टेबलाशी बसून तिने नव्या नोकरीबद्दल विचारलं होतं. तेव्हा बर्फाची खूण निघाली, आणि पुढच्याच आठवड्यात त्या कंपनीने सगळी भरती फ्रीझ केली. तेव्हापासून डार्लीन म्हणजे उल्काला देवच. “तिच्या आत्म्यांचं नेटवर्क फार स्ट्राँग आहे यार,” असं म्हणत शनिवारी सकाळी सकाळी तिने गिरिजाला जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं होतं.

आता डार्लीनला पाहून कुणी म्हणणार नाही, की ही बाई मेलेल्यांचे निरोप सांगते. तीस वर्षं एका कारखान्यात गाड्यांना दरवाजे बसवून ती रिटायर झालेली. अंगात विटका स्वेटशर्ट, पायात लोकरीचे मोजे. पण मानायची ती चर्चच्याही आधीचे जुने देव. ऋतू बदलला की परसात शेकोटी पेटवायची, ऑक्टोबर संपताना गेलेल्यांसाठी ताट वाढायची. खिडकीतल्या फळीवर त्याची तयारी दिसतच होती. नवऱ्याचा फोटो, पावाचा तुकडा, बिअरचा कॅन. “पितृपक्षच की गं, फक्त महिनाभर लेट,” असं उल्का दारातच पुटपुटली होती. आणि पिशवीत होते ते रून, उत्तर युरोपातली जुनी अक्षरं, चोवीस तुकड्यांवर चोवीस. गेलेल्या माणसाला काही सांगायचं असलं तर तो यातून सांगतो, असं डार्लीनचं म्हणणं.

“प्रश्न मोठ्याने विचारायचा?” गिरिजाने विचारलं.

“विचारलास तर बरं. ऐकायला त्यांनाही सोपं.”

“माझे वडील गेल्या नोव्हेंबरात गेले. मला जाता आलं नाही. व्हिसाचे कागद अडकले होते, बाहेर पडले असते तर परत येता आलं नसतं.” हे वाक्य तिने वर्षभरात इतक्यांना सांगितलं होतं, की ते परवचा म्हटल्यासारखं आपोआप आलं. पुढचं मात्र तिने निमिषलासुद्धा, म्हणजे नवऱ्यालासुद्धा, सांगितलेलं नव्हतं. “आत्या म्हणाली, शेवटच्या दिवशी माझं नाव काढलं तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते माझ्यावर रागावून गेले का, एवढंच विचारायचंय.”

एवढंच. वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलं होतं. कागद आता सुटले होते, निमिषने तिकीट काढून ठेवलं होतं, पण बॅग कपाटावरून खाली आलेली नव्हती. आई रोज फोनवर विचारायची, “येतंस ना गो?” आणि गिरिजा रोज ऑफिसवर ढकलायची. रागावून गेलेल्या माणसाच्या फोटोला कुठल्या तोंडाने हार घालायचा? तिला घरी जायचं होतं आणि तिला घरी जायची भीती वाटत होती, सरळ गोष्ट होती.

यात खरी गंमत अशी, की गिरिजा गुरवाची मुलगी. कुडाळजवळच्या गावात तिच्या बाबांनी चाळीस वर्षं देवाला कौल लावला. अडलेला माणूस यायचा, गाऱ्हाणं घालायचा, आणि बाबा फुलाच्या ओल्या पाकळ्या पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायचे. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. स्वतःच्या घरचा कौल मात्र गुरवाने स्वतः लावायचा नाही. गिरिजाचं अमेरिकेचं घाटत होतं तेव्हा बाबांनी शेजारच्या गावातून त्र्यंबककाकांना बोलावून आणलं. उजवी पाकळी टपकन पडली आणि दोघे गुरव एकमेकांकडे बघून हसले. बाबा म्हणाले होते, “त्र्यंबका, तुझो अंगठो बरो चलता.”

“तू नुसती बस,” डार्लीन म्हणाली. “हा मी काढते.”

तिने पिशवी मांडीवर घेतली आणि आत हात घातला. लाकडं खुळखुळायला हवी होती, ती खुळखुळली नाहीत. पिशवीचं कापड पातळ होतं, आतला अंगठा सरकताना दिसत होता. तो एका तुकड्यावरून फिरला आणि पुढे गेला. दुसऱ्यावरूनही पुढे गेला. असं पाच-सहा वेळा झाल्यावर एका ठिकाणी तो थांबला, आणि हात बाहेर आला.

“रायडो,” डार्लीनने तुकडा कापडावर ठेवला. “रस्त्याचा. गेलेला सुखरूप पोचलाय, आणि जाणाराही पोचेल. कुणाच्या मनात काही नाही.”

एवढं बोलून ती उठली आणि पाठ करून खिडकीशी उभी राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. शेजाऱ्याचा मेलबॉक्स आणि गोळा करून ठेवलेला पाचोळा.

गिरिजा त्या पाठीकडे बघत राहिली.

गिरिजा नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. तापाने फणफणलेलं पोर खांद्यावर टाकून एक बाई देवळात आली होती. पोर वाचेल का, एवढंच विचारत होती. बाबांनी डावी पाकळी पाण्यात पुन्हा बुडवून अंगठ्याने दोनदा दाबली. उजवी नुसती टेकवली. ती पडली. “देव हो म्हणता,” बाबा म्हणाले, “आता ह्या पावलांन पोराक कुडाळाक डॉक्टरकडे ने.” बाई पळतच गेली. बाबा मात्र भिंतीकडे तोंड करून समईची काजळी खरवडत बसले. गिरिजा मुद्दाम पलीकडून फिरून समोर गेली, तर त्यांचे डोळे भरलेले.

“बाबा, डावीला दोनदा का दाबलंत?”

“इलेलो माणूस आपल्या पायांन घराक गेलो पायजे,” ते म्हणाले. “आणि माझा तोंड तेका दिसाक नको.”

गाभाऱ्याच्या त्या अंगाला आत्या कधी गेली नव्हती. तिने बाबांची फक्त पाठ पाहिली होती. भिंतीकडे वळलेलं ते तोंड कसं असतं हे त्या घरात एकट्या गिरिजाला माहीत होतं, आणि वर्षभर तिला ते आठवलं नव्हतं. शेवटच्या दिवशी तिचं नाव निघालं तेव्हाही बाबांनी तेच केलं होतं. तिला रडू आलं. तिने ते येऊ दिलं.

डार्लीन मागे वळली आणि घाबरली.

“काही चुकलं का माझं?”

“नाही. निरोप मिळाला.” गिरिजाने ओढणीने डोळे पुसले. “तुम्ही स्वतःसाठी कधी काढलाय का?”

डार्लीन खुर्चीत बसली आणि फळीवरच्या फोटोकडे बघत म्हणाली, “नाही. रॉय गेला तेव्हा मी शिफ्टवर होते, फोन लॉकरमध्ये. परसातल्या ॲशच्या झाडाला कीड लागली होती, ते तोडून त्यानेच हे तुकडे कोरून दिले मला. सात वर्षं सगळ्यांचे काढते. माझा काढायला गेले तर कसं जमणार? सगळे अंगठ्याला पाठ आहेत माझ्या.”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं आणि तिचे कान लाल झाले. गिरिजाने ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

“आमच्यात स्वतःचा स्वतः काढत नाहीत,” ती म्हणाली. “दुसऱ्या गावचा माणूस बोलावतात.”

“मी कुठून आणू?”

“मी आहे ना. चांगली लांबची आहे.”

तिने कापडावरचे दोन्ही तुकडे पिशवीत टाकले, पिशवी खळखळून हलवली आणि मांडीवर घेतली. डार्लीन हात गुडघ्यांवर ठेवून बसली. तिने प्रश्न मोठ्याने विचारला नाही आणि गिरिजालाही तो विचारावा लागला नाही. आत हात घातल्यावर अंगठ्याला आधी गारपीट लागली, दोन उभ्या आणि एक तिरकी. ती तिने बाजूला सारली. मग बाणासारखं काहीतरी, मग एक नुसतीच सरळ रेघ, उल्काचा बर्फ असावा. तिला घाई नव्हती. लाकूड रॉयने फार निगुतीने कोरलं होतं. शेवटी अंगठ्याखाली एक उभी रेघ आली, वर तिचा कोन आणि खाली पुढे टाकलेला तिरका पाय.

तिने तो तुकडा डार्लीनसमोर ठेवला.

डार्लीन त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग गिरिजाच्या अंगठ्याकडे.

“पहिला तुकडा पिशवीचा असतो,” ती म्हणाली.

“आमच्याकडे चांगला निघाला तर पहिलाच मोजतात,” गिरिजा म्हणाली, आणि फोन लावायचं निमित्त करून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पलीकडे आईने लगेच उचलला. तिकडे दिवेलागण झाली असणार.

“येतंय गो आई,” गिरिजा म्हणाली. “बॅग आजच काढतंय.”