घंटेला तडा कसा गेला

संग्रहालयाच्या क्युरेटरांचं दर रविवारी सकाळी दहाला व्याख्यान असे आणि गेली एकोणीस वर्षं त्याला सरासरी साडेसहा माणसं येत. अर्धे म्हणजे निवृत्त न्यायाधीश. ते येत पूर्ण, पण निम्म्यातून झोपत. क्युरेटरांची तक्रार नव्हती. पिकतं तिथं विकत नाही, असं ते स्वतःला समजावत आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाला उद्देशून बोलत राहत.

पोटात दुखायला लागलं ते साडूमुळे. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा पोस्टातून निवृत्त झालेला, हसतमुख आणि गुडघे शाबूत. त्याने संग्रहालयातर्फे 'गावफेरी' काढली. पहिल्या रविवारी तीस माणसं, तिसऱ्या रविवारी सत्तर. जुना पूल, जुनं न्यायालय, पाण्याची टाकी असं हिंडून फेरी संग्रहालयात शिरे, ती नेमकी व्याख्यान रंगात यायच्या वेळी. सत्तर जोडी पायांच्या आवाजाने न्यायाधीश जागे होत. एका रविवारी ते जागे झाले, त्यांनी काठी घेतली आणि फेरीबरोबर चालते झाले.

घरातही फितुरी होती. बायको एकोणीस वर्षांत व्याख्यानाला दोनदा आली होती, त्यातल्या एकदा कुलपाची किल्ली न्यायला. फेरीसाठी मात्र तिने नवे बूट आणले. साडू सांगतो तेव्हा सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं, असं ती जेवताना म्हणाली. क्युरेटर म्हणाले की हल्ली आपल्याही डोळ्यांसमोर तोच उभा राहतो.

त्यातच कार्यकारी समितीचं पत्र आलं. दोन कार्यक्रमांची गर्दी होते, तरी रविवारी एकच ठेवावा. कोणता, ते बुधवारच्या बैठकीत ठरेल. 'गर्दी' या शब्दात आपलं योगदान किती, हे क्युरेटरांना कळत होतं.

म्हणून त्या रविवारी त्यांनी व्याख्यान दहा मिनिटं आधी संपवलं, ज्याबद्दल कुणी खेद व्यक्त केला नाही, आणि नाण्यांच्या कपाटामागे जाऊन उभे राहिले. दालनात मधोमध एक मोठी घंटा मांडलेली होती, अंगावर वीतभर तडा असलेली. फेरी तिथे येऊन थांबली. साडूने आवाज खाली आणला. महापुराच्या दिवशी, तो सांगू लागला, म्हाताऱ्या घंटावाल्याने सकाळपासून टोल द्यायला सुरुवात केली. लोक टेकडीवर चढत राहिले आणि तो वाजवत राहिला. सूर्य बुडाला, शेवटचं कुटुंब वर पोचलं आणि त्याच टोलाला घंटा तडकली.

सत्तर माणसं तड्याकडे झुकली. बायकोने डोळ्यांना पदर लावला. लग्नानंतर तिला एवढं हेलावलेलं क्युरेटरांनी पाहिलं नव्हतं आणि ते कुणा पोस्टातल्या माणसाने करून दाखवावं, याने त्यांचा तिळपापड झाला.

पण ते गालातल्या गालात हसलेही, कारण त्यांच्या हाताशी नोंदवही होती. संग्रहालयात आलेल्या प्रत्येक वस्तूची तिच्यात नोंद असते. घंटेपुढे पहिल्या क्युरेटरांच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: 'आत आणताना हमालांच्या हातून सुटून पायरीवर पडली, तडा गेला. पायरीही बदलावी लागली.'

बुधवारी हे त्यांनी समितीपुढे सावकाश वाचून दाखवलं. पायरीचं वाक्य दोनदा वाचलं. अध्यक्षबाई पूर्वी मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही जगाकडे वर्ग म्हणून पाहत. त्यांनी साडूकडे चष्म्यावरून पाहिलं.

साडूने पिशवीतून एक लांबट वही काढली. "पण साडूभाऊ, हे तुम्हीच सांगितलं होतंत की."

वहीत तारीख होती, 'शहरातील धातुकाम, भाग चार' असा विषय होता आणि खाली पूर, टेकडी, सूर्यास्त, सगळं ओळीने लिहिलेलं होतं. फेरी सुरू करण्याआधी साडू सहा वर्षं मागच्या बाकावर बसून प्रत्येक व्याख्यान उतरवून घेत होता. मेहुणीला रविवारी घर झाडायचं असतं म्हणून ती याला बाहेर काढते, अशी क्युरेटरांची समजूत होती.

मग त्यांना तो रविवार आठवला. चार श्रोते होते. मिश्रधातूंचं प्रमाण सांगताना एकेक मान खाली जाताना दिसत होती आणि शेवटची मान कलली तेव्हा पूर आपोआप त्यांच्या तोंडात आला होता. बारा मिनिटं चौघेही टक्क जागे होते. पुढच्या रविवारी शरमेने ते पुन्हा मिश्रधातूंकडे वळले होते.

"सर, हे तुम्ही सांगितलंत का?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "हो की नाही, एवढंच."

'नाही' म्हटलं की रविवार त्यांचा होता. एका माणसाच्या वहीला कोण विचारतो? आणि साडूने तर ताटात वाढूनच दिलं.

"माझीच गफलत असेल हो," तो म्हणाला. "बोलता बोलता मीच रचलं असेल. मला सवय आहे तशी."

आता फक्त गप्प बसायचं होतं. क्युरेटर गप्प बसलेही, साधारण तीन सेकंद. तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांपुढून सत्तर माणसं गेली, बायकोचा पदर गेला आणि त्या सगळ्याचा कर्ता म्हणून हा, रजिस्टर पत्रांवर शिक्के मारत आलेला माणूस, नम्रपणे मान झुकवून उभा राहिलेला दिसला.

"तू काय रचणार?" ते म्हणाले. "पूर माझा आहे. घंटावाला माझा. तुला तर सूर्यास्तसुद्धा सुचला नसता."

चिटणीसांची लेखणी थांबली. क्युरेटरने व्याख्यानात खोटा इतिहास सांगितला असं इतिवृत्तात जाईल, हे सरांना कळतंय ना, असं अध्यक्षबाईंनी शांतपणे विचारलं. सर म्हणाले, कळतंय, पण आधी माझा उल्लेख करा आणि मग खोटेपणाचा.

निर्णयाला फार वेळ लागला नाही. व्याख्यानं बंद. गावफेरी चालू, मात्र साडूने घंटेपाशी हे स्पष्ट सांगायचं, की ही गोष्ट खरी नसून क्युरेटरांनी रचलेली आहे.

"दर रविवारी?" क्युरेटरांनी विचारलं.

"दर रविवारी," अध्यक्षबाई म्हणाल्या. "शिक्षा ती शिक्षा."

क्युरेटरांनी शिक्षा मान्य केली. एकच दुरुस्ती सुचवली, की ते गोष्टीच्या आधी सांगितलं जावं. शेवटी शेवटी लोक निघून जातात, हा त्यांचा एकोणीस वर्षांचा अनुभव होता.