न चाखलेली पिठी

मी कुळथाची पिठी खात नव्हते. बारा वर्षं झाली होती.

आमचा मुलगा साईनाथ सव्विसाव्या वर्षी काविळीने गेला. शेवटच्या आठवड्यात त्याला अन्न नकोसं झालं होतं. एका दुपारी मात्र आपणहून म्हणाला, "आई, पिठी-भात कर ना." कुळीथ उष्ण, त्यात लसणीची फोडणी. मी म्हटलं, "आधी बरा हो, मग टोपभर करते." आणि त्याला साखर घातलेली पेज दिली. माझं मन राखायला त्याने दोन चमचे घेतले. शुक्रवारी तो गेला.

पुढच्या वर्षी ठाण्याच्या कोपरीतली आमच्या शेजारची माणसं काशीला निघाली, त्यांच्याबरोबर आम्ही दोघंही गेलो. तिथे आपल्या आवडीचा एक पदार्थ सोडतात. एकदा सोडला की जन्मात खायचा नाही. मी पिठी सोडली. यांनी दुधी सोडला. दुधी यांनी कधी ताटात घेतला नव्हता. गुरुजींना संशय आला. म्हणाले, "काका, आवडीची वस्तू सोडायची असते."

"दुधीवर माझा फार जीव आहे हो," हे म्हणाले.

साईनाथ गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा, घाटावर.

घरी आल्यावर मी कुळथाचं पीठ आणलंच नाही. जे खायचं नाही ते करायचं कशाला, एवढाच विचार केला.

यंदा मार्चमध्ये यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर तीन आठवडे बरे गेले. मग यांनी जेवण बंद केलं. चमचा ओठाला लागला की मान फिरवायचे. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. "गिळता येतंय यांना. पण गिळत नाहीत," ते म्हणाले. "सोमवारपर्यंत वाट बघू. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल."

हे पडल्या पडल्या ऐकत होते. डॉक्टर गेल्यावर डाव्या हाताने नाक झाकून घेतलं. "नळी नको." यांच्या थोरल्या भावाला नळी घातली होती. तो ती उपसून काढायचा, म्हणून त्याचे हात खाटेला बांधले होते. ते यांनी पाहिलं होतं.

खीर झाली, मुगाचं कढण झालं, नाचणीचं सत्त्व झालं. शनिवारी सकाळी मी वैतागले. "अहो, मग करू तरी काय तुमच्यासाठी?"

यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "पिठी."

मी मुलीला, सोनलला, फोन लावला.

"आई, पण तू तर सोडलीयस ना?"

"मला कुठे खायचीय? करायला कोणी बंदी केलीय?"

"थांब, मी पीठ मागवते फोनवरून. आणि मी निघालेच."

ती घोडबंदर रोडला गाड्यांत अडकली. पीठ तिच्या आधी दारात आलं.

हात काही विसरले नव्हते. पीठ पाण्यात कालवलं. तेलात ठेचलेली लसूण तांबूस झाली, तिखट टाकलं, पाणी ओतलं, वरून पीठ. गुठळ्या होऊ नयेत म्हणून ढवळत राहिले, दोन आमसुलं टाकली. सोनल आली ती बोलतच. "अगं, जिन्यापर्यंत वास येतोय!" म्हणाली, आणि चपला न काढताच दारात थांबली. वास तिलाही ओळखीचा होता. तिच्या भावाच्या ताटातला.

मऊ भातात पिठी कालवून मी चमचा पुढे केला. यांनी तोंड उघडलं. चार दिवसांत पहिल्यांदा. सोनलने माझा दंड घट्ट धरला. यांनी घास तोंडात घोळवला आणि जिभेने बाहेर ढकलला.

"मीठ," म्हणाले.

मीठ मी घातलंच नव्हतं. ढवळताना तळहातावर थेंब घेऊन चाखायची माझी सवय, मीठ तेव्हाच घालायचे. आज चाखायचं नव्हतं, तर मीठही राहून गेलं.

"घालते हो आत्ता."

"चाख."

"सोनल चाखेल."

"हो बाबा, मी चाखते. तुमच्या बायकोपेक्षा मला मिठाचं जास्त कळतं," सोनल म्हणाली.

हे हसले नाहीत. "ती नको. तू." आणि तोंड मिटून घेतलं.

"अहो, सोडलीय मी. आपल्या साईनाथसाठी सोडलीय. तुम्हाला माहीत नाही का?"

 हे एकेक शब्द ओढत म्हणाले, "मी... कुठे... सोडली होती?"

मी चमचा खाली ठेवला. बारा वर्षांत यांनी एकदाही मागितली नव्हती. वरण केलं तर वरण खाल्लं, आमटी केली तर आमटी. एका लेकाला मी नाही म्हटलं होतं, त्याची शिक्षा मी मला करून घेतली. पण त्यापायी रोज यांनाही नाही म्हणत आले, हे मला कधी सुचलंच नाही. यांनीही सुचू दिलं नाही.

आत जाऊन टोपात मीठ घातलं. ढवळलं. तळहातावर थेंब घेतला. हात तोंडापर्यंत जाईना. साईनाथला मनात म्हटलं, रागावू नको रे. आणि चाखलं.

तो चौथीत असताना रिकामा टोप मांडीत घेऊन बोटाने पुसून खायचा. "सोड मेल्या, घासायचाय मला," म्हणून मी ओरडायचे. तेवढंच आठवलं.

बाहेरून यांचा आवाज आला. "बरोबर?"

"कमी आहे थोडं," मी म्हटलं, आणि पुन्हा चिमूटभर घातलं.

त्या दुपारी यांनी नऊ चमचे खाल्ले. सोनल आपल्या पोरीला भरवताना मोजते तशी मोठ्याने मोजत होती. रविवारीही खाल्लं. सोमवारी डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा, नळी नको. आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून रडलो.

गुरुवारी पहाटे दुसरा झटका आला. आता गिळणंच गेलं. नळी घालताना यांनी नाक झाकलं नाही. डावा हात छातीवर तसाच पडून राहिला.

नळीतून दूध जातं, गाळलेलं कढण जातं. ते झालं की मी माझं ताट घेऊन खाटेजवळ स्टूल ओढून बसते. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसले होते. ज्याला खाता येत नाही त्याच्यासमोर काय खायचं? पण हे कण्हायला लागले, ते मी ताटासकट समोर येऊन बसेपर्यंत थांबले नाहीत.

आता रोज तसंच. पिठी-भात असला की यांचे डोळे माझ्या हातावरून हलत नाहीत. मी घास गिळला की यांचाही गळा हलतो. सोनल म्हणते, भास होतो तुला. होत असेल. मी सावकाश जेवते.