तीनदा खरवडलेला कॅनव्हास

मी एक जुना कॅनव्हास आहे, आणि माझ्यावरचं चित्र नक्कल आहे. हसायचं तर हसून घ्या मित्रांनो, मला त्याची लाज नाही.

चित्रशाळेत मला ताणून चौकटीवर ठोकलं, तेच मुळी सरावासाठी. तिथे भिंतीवर एका बाईचं शंभर वर्षांपूर्वीचं व्यक्तिचित्र होतं. शिकणाऱ्याने त्याची हुबेहूब नक्कल करायची. ती सरांना पसंत पडली, तरच पुढच्या वर्गात जिवंत माणसाला समोर बसवून चेहरा रंगवायला मिळे. नापसंत पडली, की सर पातं घेऊन रंग खरवडून टाकत. तिघांची मेहनत माझ्यावरून अशी गेली. चौथ्या खेपेला मी सिस्टरांच्या हाती आलो.

सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. तीस वर्षं आजाऱ्यांच्या उशाशी काढलेली बाई. आता त्यांना माणसांचे चेहरे रंगवायचे होते, बस्स. महिनाभर खपून त्यांनी नाक, भुवया, हनुवटी जागच्या जागी बसवली, पण गाल रंगवले गुलाबी. मूळ चित्रातले गाल होते पिवळेधमक. सर म्हणाले, समोर दिसतं तेच रंगवायचं, इथे अक्कल पाजळायची नाही. सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

सिस्टरांनी ब्रश खाली ठेवला.

"सर, काविळीचे पेशंट मी ढिगाने पाहिलेत. हिची तर कॉलरसुद्धा पिवळी आहे. कापडाला कावीळ होते का? वरचं वॉर्निश जुनं होऊन पिवळं पडलंय. बाई ठणठणीत आहे."

सर चिडले. गाल पिवळे करा, नाहीतर पुढचा वर्ग विसरा, असं बजावून त्यांनी पातं उचललं. पण सिस्टरांनी मला ओल्या रंगासकट काखोटीला मारलं आणि त्या सरळ जिना उतरल्या. त्यांचा कोट बरबटला, माझा एक कान पुसला गेला. गेला तर गेला!

पुढचा वर्ग त्यांना कधीच मिळाला नाही. मग त्यांनी घरीच खिडकीशी खुर्ची मांडली, मला शेजारी टेकवलं आणि सुनेला समोर बसवून नव्या कॅनव्हासवर तिचा चेहरा रंगवायला घेतला. दोन दिवसांनी सून चित्र बघून हळूच म्हणाली, "आई, डोळ्यांखालची काळी वर्तुळं तेवढी गाळा ना."

सिस्टर ब्रश पुसत म्हणाल्या,

"ती खरी आहेत, ती राहणार. उद्यापासून सकाळचे डबे मी करते. तू झोप."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून झटका, ओल येणाऱ्या भिंतीला मला टांगू नका. नकला खुशाल करा, नक्कल करायलाही अक्कल लागते. पण कुणी पातं उगारलं म्हणून धडधाकट माणसाला पिवळं फासू नका. मी नाही फासून घेतलं.